टोळीचा हिशेब

अंबड, नाशिक

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

मी सांभाळतो त्या लाइनवरच्या गरोदर मुलीबद्दल परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. बाबा म्हणाले, "असं लाडावून ठेवलंस तर बाकीच्याही काम टाकतील." आईने मागून सुनावलं, "आम्ही पोट पुढे आलं तरी द्राक्षबागेत कामाला जात होतो." तेवढ्यात माझी कंपनीची बस आली. म्हणून लिहायला बसलो. फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, इथे निदान माझं पूर्ण ऐकून घ्यावं लागेल.

माझ्या लाइनवरच्या त्या मुलीला चौथा महिना लागलाय. सकाळी पंचिंग करते, सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की उलट्या सुरू, मग हाफ डे. कधी कधी येतच नाही. मध्ये एकदा सलाइन लावायची वेळ आली होती. तिच्या त्रासाबद्दल खरं तर कोणाची तक्रार नाही. पण आमचा इन्सेंटिव्ह लाइनवर मिळतो, माणसावर नाही. टार्गेट झालं तर सगळ्यांना, हुकलं तर कोणालाच नाही. एक जोडी हात कमी पडले की आठ जणींचे पैसे जातात. आमच्यातल्या एक मावशी कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आम्ही काय पोरं बाजारातून आणली?" ती मुलगी डबा न उघडताच उठून गेली.

बाबा, तुम्ही मजुरांच्या टोळीची मुकादमकी केलीत, तुम्हाला हे नवीन नाही. उक्त्या कामात पैसे एकरावर आणि वाटे सगळ्यांचे सारखे. ऑक्टोबर छाटणीच्या घाईत एक बाई कमी आली की बाकीच्यांची तोंडं कशी व्हायची ते मी लहानपणी पाहिलंय. तुम्ही पोटुशी बाईला औषध मारलेल्या बागेत पाठवत नव्हता, सावलीत पॅकिंगला बसवायचात. आणि टोळी कुरकुरली की बागायतदाराकडे जाऊन एका बाईची जादा हजेरी मागायचात. तो द्यायचा का, ते सोडा. भांडण बायकाबायकांत राहू न देता मालकाच्या ओट्यावर न्यायचात, हे मला पक्कं आठवतंय. मी इथे तेच केलंय. तुम्हीच आता त्याला लाड म्हणता!

आणि आई, तू गेलीस हे खरं. पण न जाण्याची सोय होती कुठे? गेलं नाही तर त्या दिवसाचा रुपया नव्हता. तू अंगावर काढलंस, म्हणून पुढच्या बाईनेही काढावं, हा हिशेब मला पटत नाही. रागावू नकोस.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण बाबांना वाटतंय की मी पदरचं वाटतोय. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. गरोदरपणातूनच आजारपण उद्भवलं तर डॉक्टरच्या दाखल्यावर आणखी एक महिना. तिचा पगार २१,००० च्या आत असल्याने ती ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विम्यात आहे, त्यामुळे रजेचे पैसे कंपनीच्या तिजोरीतून जातच नाहीत. तरी ऑफिसातल्या एकाने मला हळूच सुचवलं की तिच्याकडून राजीनामा लिहून घे, मूल झालं की परत घेऊ. मी म्हटलं, हे मला लेखी द्या. विषय तिथेच बंद झाला.

सगळ्यात अवघड गेलं ते तिच्याशी बोलणं. पुरुष माणसाने काय विचारायचं? मी तब्येतीचं विचारलंच नाही. एवढंच विचारलं, "कोणतं काम जमतंय, कोणतं नाही?" तिने लगेच सांगितलं: धूर सोसत नाही, उभं राहवत नाही, डोळ्यांचं काम कितीही चालेल. तिला खुर्चीवर बसून करायच्या इन्स्पेक्शनला घेतलं. तिथल्या मुलीला सोल्डरिंग शिकायचंच होतं, ती खुशीने आली. तिच्या दवाखान्यातल्या तपासणीचे दिवस आधीच मस्टरवर लिहून ठेवले. दाखल्यावरची गैरहजेरी वार्षिक मार्कांत धरायची नाही, हेही वरून मंजूर करून घेतलं.

एक गोष्ट मात्र तिला स्पष्ट सांगितली. ती दोनदा न कळवता घरी राहिली होती आणि लाइन अर्धा तास खोळंबली. बरं नाही म्हणून न येणं वेगळं आणि न सांगणं वेगळं. बस सुटायच्या आत मेसेज हवा, स्वतःला जमत नसेल तर नवऱ्याने करावा. तिला वाईट वाटलं असेल, पण तिने ते पाळलंय. गरोदर आहे म्हणून तिला काहीच बोलायचं नाही, असं केलं असतं तर ती लाइनवर पाहुणी झाली असती.

बाकीच्यांसाठी साहेबांकडे दोन मागण्या घेऊन गेलो. ती नसेल त्या दिवशी टार्गेट एका माणसाने कमी धरा, आणि रिलीव्हर, म्हणजे तिच्या जागी काम करणारं बदली माणूस, ती रजेवर गेल्यावर नको, आत्ताच द्या, म्हणजे तिच्याच हाताखाली शिकेल. पहिली मागणी लगेच मान्य झाली. दुसरीला "बजेट बघू" असं उत्तर मिळालं, म्हणजे अजून चार चकरा. इन्सेंटिव्ह परत सुरू झाल्यावर लाइनवरचं वातावरण निवळलं. लोकांना वाटतं बायकाच बायकांचा द्वेष करतात. इथे कापलेल्या पैशांचा राग होता, तो समोर दिसेल तिच्यावर निघत होता.

मावशी अजून तिच्याशी सरळ बोलत नाहीत. त्यांना तिसऱ्या खेपेला गरोदर असताना कामावरून काढलं होतं, दुसऱ्या एका कारखान्यात, हे मला मागाहून दुसऱ्याच कोणाकडून कळलं. मी त्यांना त्यावर काही विचारलेलं नाही.

आई, तुझ्या गुडघ्याचा एक्स-रे पुढच्या सोमवारी काढू. दिंडोरीहून सकाळच्या एसटीने दोघं या, मी सीबीएस स्टँडवर घ्यायला येतो. सेकंड शिफ्टवाला माझी शिफ्ट धरतोय, त्याच्या बदल्यात मी त्याचा रविवार करणार आहे. जुने रिपोर्ट आणि बाबांच्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट विसरू नका.

तुमचा,
बाळू