धोक्याचा इशारा पॅनेलइतका टिकावा

महोदय,

कारखान्यातील विद्युत पॅनेलसाठी केबल, ब्रेकर किंवा कॉन्टॅक्टर निवडताना जी चिकित्सा होते, तिचा दहावा हिस्साही त्यावरील धोक्याच्या लेबलांच्या वाट्याला येत नाही. ती स्टेशनरीच्या यादीत, नगाच्या भावावर खरेदी होतात. देखभालीच्या कामात असल्याने याचे परिणाम मी नेहमी पाहतो. मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या एका ड्राइव्हवर 'पुरवठा बंद केल्यावर' आणि 'मिनिटे थांबा' एवढेच शब्द शिल्लक होते. मधला आकडा थिनरच्या फडक्याने पुसून गेला होता. स्विच बंद केल्यावरही अशा ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) काही मिनिटे जीवघेणा विद्युतदाब राहतो, तेव्हा नेमका तो आकडाच नसेल तर कव्हर उघडणाऱ्याने काय समजायचे?

लेबल कोठे लागणार, हे आधी पाहायला हवे. विनाइल प्लास्टिकचे लेबल गोलाकार भागावर छान बसते, पण उष्णतेत आकसून त्याच्या कडा सुटतात. तापणाऱ्या किंवा तेलकट यंत्रासाठी पॉलिएस्टर अधिक भरवशाचे आणि त्याहूनही कडक उष्णतेत पॉलिइमाइड हे उष्णतारोधक प्लास्टिक लागते. उन्हात बहुधा लाल शाई आधी उडते आणि काळी टिकते. त्यामुळे 'धोका' हा ठळक लाल शब्दच नाहीसा होतो आणि खालचा बारीक मजकूर तेवढा उरतो. थर्मल कागद तर उष्णतेनेच काळा पडतो आणि छपाई वाचता येत नाही, तो पॅनेलवर वापरूच नये. रेझिन रिबनची (लेबल प्रिंटरमधल्या टिकाऊ शाईच्या फितीची) छपाई आणि वर पारदर्शक आवरण यांचा जास्तीचा खर्च मला तरी रास्त वाटतो.

गोंदाचा विचार तर क्वचितच होतो. पॅनेलच्या पत्र्यावरील पावडर कोटिंगवर (भाजून पक्क्या केलेल्या कोरड्या रंगावर) साधा गोंद नीट धरत नाही. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा केल्यावरच लेबल लावावे आणि पूर्ण पकड यायला एक ते तीन दिवस द्यावेत. कोरलेली धातूची पट्टी सर्वांत टिकाऊ खरी, पण रिव्हेटसाठी पाडलेल्या भोकांतून पॅनेलमध्ये धूळ-पाणी शिरू शकते. शिवाय इशारा केवळ सुट्या झाकणावर नसावा. दुरुस्तीनंतर शेजारच्या यंत्राचे झाकण बसवले गेल्याचे मी पाहिले आहे.

आयईसी या विद्युत उपकरणांची मानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या काही मानकांत लेबल 15 सेकंद पाण्याने आणि 15 सेकंद पेट्रोलियम स्पिरिटने भिजवलेल्या फडक्याने हाताने घासून पाहतात. त्यानंतरही मजकूर वाचता यायला हवा आणि कडा उचललेल्या नसाव्यात. खरेदी विभागाने मागणी नोंदवण्यापूर्वी नमुन्याचे लेबल आपल्याच पॅनेलच्या पत्र्यावर चिकटवून, विभागात रोज वापरले जाणारे थिनर किंवा डिग्रीझर (तेल-ग्रीस काढणारा द्रव) घेऊन असेच घासून पाहावे आणि तो पत्रा निविदेच्या कागदांसोबत जपून ठेवावा.

आपला,
एक विद्युत देखभाल कर्मचारी