फिट लाइक, पम्या?

ॲबर्डीन, स्कॉटलंड,
रविवार, रात्री

प्रिय पम्या,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. ‘काहून बे, मेला का तिकडं?’ एवढंच. बसमध्ये एकटाच हसत होतो, शेजारची बाई जरा सरकून बसली. नाही बे, मेलो नाही. वैतागलोय. आणि हा वैताग तुझ्याशिवाय कोणाला कळायचा नाही.

इथे पेशंटला विचारलं, कुठे दुखतं, की तो सांगतो, ‘ऑक्स्टर’. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, एखाद्या गोळीचं नाव असेल. ऑक्स्टर म्हणजे काख! लंगडणं म्हणजे ‘हिर्पल’, अंगातलं त्राण गेलं की ‘वॉबिट’. फिजिओथेरपीच्या चार वर्षांत यातलं काही कोणी शिकवलं नव्हतं. इकडच्या स्कॉट्स बोलीला डोरिक म्हणतात. तिच्यात ‘व्हॉट’चं ‘फिट’ होतं आणि ‘व्हेअर’चं ‘फार’. ‘फिट लाइक?’ म्हणजे कसं काय? जुनी माणसं तर ‘फूज यर डूज?’ विचारतात, म्हणजे तुझी कबुतरं कशी आहेत? त्यावर म्हणायचं, ‘आय पेकिन’, टिपताहेत दाणे. कुठला बूट कुठल्या पायात, हे विचारायचं तर ‘फिट फिट फिट्स फिट फिट?’ थट्टेतलं वाक्य आहे, पण व्याकरणात चोख. मुलगा ‘लून’, मुलगी ‘क्वाइन’. आपला पोट्टा अन् पोट्टी, दुसरं काय!

वैताग या बोलीचा नाहीच. वैताग याचा, की मला पाहिलं की ही माणसं ती खिशात घालतात. पीटरहेड बंदरावरचे दोन म्हातारे कोळी बाहेर बाकावर काय रंगून बोलत असतात. मी दार उघडलं की एकदम इस्त्रीचं इंग्रजी, वर ‘सॉरी, नीट बोलतो आता.’ अरे, नीटच तर बोलत होतास! त्यातल्या एकाला शाळेत ‘येस’ऐवजी ‘आय’ म्हटलं म्हणून मास्तरांनी चामडी पट्ट्याने हातावर मारलं होतं. त्याच शाळेत जानेवारी आला की इथल्या थोर कवीची, रॉबर्ट बर्न्सची कविता पाठ करायची, तीही स्कॉट्समध्येच, आणि छान म्हटली तर बक्षीस. हे तो हसत सांगतो. मला हसू येत नाही.

स्वतःच्याच भाषेला ही माणसं ‘बिघडलेलं इंग्रजी’ म्हणतात. दोन्ही एकाच जुन्या खोडाच्या फांद्या, पण सांगून उपयोग नाही. सोळाव्या शतकात इथला दरबार, इथले कायदे स्कॉट्समध्ये होते. १६०३ मध्ये राजा लंडनला गेला, १७०७ मध्ये पार्लमेंटही गेलं, आणि मग सुशिक्षितांना आपल्या जिभेची लाज वाटायला लागली. १७६१ साली एडिंबराच्या प्रतिष्ठितांना शुद्ध इंग्रजी बोलायला शिकवायला कोण आलं असेल? थॉमस शेरिडन, एक आयरिश नट! आमच्या ॲबर्डीनचे प्राध्यापक जेम्स बीटी यांनी तर १७८७ मध्ये टाळायच्या स्कॉट्स शब्दप्रयोगांची यादीच छापली. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १५ लाख लोकांनी स्कॉट्स बोलता येतं असं लिहिलं, २०२५ मध्ये कायद्याने तिला अधिकृत दर्जाही मिळाला. बाकावरचा कोळी अजून सॉरीच म्हणतोय.

आणि पुण्याची मेस आठवते? मी ‘जेवून राहिलो’ म्हणालो, तर ते पोरगं म्हणालं, ‘जेवून कुठे राहिलास?’ टेबलभर हसले. आठवड्याभरात मी ‘जेवतोय’ म्हणायला लागलो. तू मात्र शेवटच्या वर्षापर्यंत मले-तुले सोडलं नाहीस. तेव्हा मला तुझी लाज वाटायची, पम्या. हे आज पहिल्यांदा सांगतोय.

एक गंमत ऐक. आपल्या इंग्रजीच्या मॅडम ‘व्हेअर डू यू स्टे?’ला लाल रेघ मारायच्या, हॉटेलात उतरलाय का म्हणायच्या. इथे सगळे तेच विचारतात, घर कुठे या अर्थाने. राहणं ते राहणं! मी आता ‘आउटविद’ही बिनधास्त लिहितो, म्हणजे ‘च्या बाहेर’. इथल्या सरकारी कागदांतही असतो तो शब्द. माझ्या रिपोर्टात दक्षिण इंग्लंडहून आलेल्या साहेबांनी तो खोडला. मी परत लिहिला.

परवा एका आजोबांना फोनवरून अपॉइंटमेंट बदलून देत होतो. पलीकडे यंत्र. ‘येस ऑर नो?’ आजोबा म्हणाले, ‘आय.’ यंत्राला कळलं नाही. पुन्हा ‘आय’, आता ओरडून. मग मी माझ्या अमरावतीच्या ‘येस’ने प्रयत्न केला. तेही कळलं नाही. दोघांनी मिळून फोन आपटला.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. गुरुवारी पोरगी शाळेतून आली. दप्तर कुठे टाकलंस विचारलं, तर म्हणाली, ‘आय डिना केन’, म्हणजे मला माहीत नाही. आणि माझ्या तोंडून निघालं, ‘नीट बोल.’ ती बघतच राहिली. थोड्या वेळाने विचारते, ‘बाबा, तुम्ही पमूकाकाशी बोलता तसं नीट, की आईशी बोलता तसं?’

उत्तर सुचलं नाही. तुला सुचलं तर व्हॉइस मेसेजच पाठव, तिला ऐकवतो. काकूंनाही दोन वाक्यं बोलायला लाव, शेतावरचं काहीही. आणि काकांचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून हिर्पल करतात का, ते नीट बघून कळव.

तुझा,
सुध्या