पहिलं दप्तर कुणाचं?

संपादक महोदय,

वर्गात कुणाची कंपासपेटी हरवली की पहिलं दप्तर पारध्याच्या पोराचं उघडलं जातं. ते पोर कुणी मागायच्या आतच दप्तर पुढे सरकवतं. शिक्षिका म्हणून मी हे पाहिलंय, आणि ते बघवत नाही.

इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. सोलापुरात तर त्यांना तारेच्या कुंपणात कोंडलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा शिक्का कागदावरून पुसला; लोकांच्या डोक्यातून काही तो गेला नाही.

हॅमिल्टन आणि गिफर्ड या मानसशास्त्रज्ञांचा १९७६ चा प्रयोग इथे आठवतो. एक मोठा गट, एक लहान. दोन्हींत बऱ्यावाईट कृत्यांचं प्रमाण अगदी सारखं. तरीही लोकांना लहान गटच जास्त वाईट वाटला! क्वचित दिसणारी माणसं आणि क्वचित घडणारं वाईट कृत्य यांची मनात चटकन गाठ बसते. त्यात रोज ‘पारधी टोळी जेरबंद’ असे मथळे वाचले, की ती गाठ सुटणार कशी? इतर चोरांची जात कधी छापता का?

बरोबरीच्या नात्याने, एका कामासाठी माणसं एकत्र आली की पूर्वग्रह ओसरतात, असं मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं. शाळेच्या कबड्डी संघात हे सहज होतं. तिथे चढाई कोण मारतो एवढंच पाहतात. तेव्हा शिक्षकांनी या मुलांना संघात घ्यावं, वर्गप्रमुख करावं. आणि आपण गुन्ह्याच्या बातमीतून जमातीचं नाव आजपासून वगळावं, ही कळकळीची विनंती.

– एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा