घरच्या शाळेसाठी जगाचा इतिहास

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमची अकरा वर्षांची मुलगी घरीच शिकते. सहावी ते आठवीच्या टप्प्यासाठी जगाच्या इतिहासाचा अभ्यासक्रम निवडताना आमचा चांगलाच कस लागला, म्हणून हे पत्र. आम्ही चाळलेले परदेशी संच इजिप्त, ग्रीस, रोम करत युरोपात मुक्काम ठोकतात. भारत सिंधू संस्कृतीपुरता डोकावतो आणि पुढे थेट इंग्रजांची वसाहत म्हणूनच भेटतो. पश्चिम आफ्रिकेतील माली साम्राज्याचा सम्राट मन्सा मुसा १३२४ साली हजला जाताना कैरोत इतके सोने वाटून गेला की तिथला सोन्याचा भाव उतरला, ही हकिगत ज्यात नव्हती ते संच आम्ही बाजूला ठेवले.

अखेर कालक्रमाने जाणारा एक संच कणा म्हणून घेतला आणि त्याला आपल्या परिसराची जोड दिली. भिंतीवर कागदाची लांब पट्टी चिकटवली आहे. तिच्यावर १८५३ची बोरीबंदर-ठाणे आगगाडी आहे आणि शेजारी १८६१ ते १८६५चे अमेरिकेतील यादवी युद्ध, ज्यामुळे इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापडगिरण्यांचा अमेरिकन कापूस आटला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. या दोन नोंदी मुलीने आपणहून लाल दोऱ्याने जोडल्या, तेव्हा निवड बरोबर ठरल्याची आमची खात्री पटली.

अडचण मराठी पुस्तकांची आहे. ठाण्यात १८९३पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. अशा ग्रंथालयांनी या वयोगटासाठी जगाच्या इतिहासाचे वेगळे कपाट ठेवावे, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, नौपाडा, ठाणे