साखर सोडून ब्लड कॅन्सर उपाशी मरत नाही

संपादक साहेब, आमच्या फोंड्यात व्हॉट्सॲपवर फिरतंय की साखर सोडली की ब्लड कॅन्सर उपाशी मरतो, शेजारच्या काकूंनी तर आजारी काकांना चवथीच्या नेवऱ्यासुद्धा दिल्या नाहीत. थोडं खरं आहे, ल्युकेमियाच्या (ब्लड कॅन्सरचाच एक प्रकार) पेशी ग्लुकोज, म्हणजे रक्तातली साखर, हावऱ्यासारखं ओढतात आणि ऑक्सिजन असतानाही बरंचसं अर्धवट जाळून लॅक्टेट करतात, कॅन्सर पेशींतलं हे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्गने १९२० च्या दशकातच पाहिलेलं. त्यात एका ग्लुकोजमागे फक्त २ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) सुटतात, पण नवीन पेशी बांधायला कच्चा माल मिळतो ना! आणि गोड बंद केलं तरी लिव्हर ग्लुकोज बनवतच राहतं, वजन उतरतं ते काकांचं, तेही किमो चालू असताना. आरोग्य पानावर कुणा डॉक्टरांकडून यावर लिहून घ्या की, काकू तुमचाच पेपर वाचतात.

एक वाचक, फोंडा