गायमुखच्या चढावर शून्य ते शंभर?

महोदय,

छोट्या ‘स्पोर्टी’ गाड्यांच्या तुलना वाहन पुरवण्यांत येतात, त्या बहुधा शून्यापासून ताशी शंभर किमी वेग गाठायला लागणाऱ्या सेकंदांवरच संपतात. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील गायमुख घाटात कंटेनरमागे रखडणाऱ्याला ते सेकंद काय कामाचे? तिथे इंजिन कमी आरपीएमला (मिनिटाला कमी फेऱ्यांवर) किती ओढते, एवढाच प्रश्न असतो.

ह्युंदाईची आय२० एन लाइन आणि टाटाची अल्ट्रोझ रेसर, दोन्ही १२० पीएसच्या (अश्वशक्तीच्या) टर्बो, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर आत जादा हवा कोंबणाऱ्या. पहिलीचा १७२ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, १५०० आरपीएमपासून, दुसरीचा १७० हा १७५० पासून. आरपीएमचा काटा त्याखाली गेला की तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर कितीही दाबा, गाडी क्षणभर मलूलच राहते, कारण टर्बोला फिरवण्याइतका एक्झॉस्ट वायूच तयार होत नाही. चढाआधीच दुसरा टाकलेला बरा. नव्या स्विफ्टला टर्बो नाही; ८२ पीएस, टॉर्क ११२ च्या आसपास आणि तोही ४३०० आरपीएमला. चार माणसे आणि एसी असेल, तर ती चढावर दमते. पण वजन जेमतेम ९२० किलो, त्यामुळे वळणात ती चटकन आत शिरते. ब्रेकमध्ये मात्र आय२० एन लाइन उजवी, मागेही डिस्क आहेत.

खरी गोम टायरमध्ये आहे. एन लाइनचे टायर १९५/५५ आर१६, म्हणजे बाजूची उंची १९५ मिलिमीटर रुंदीच्या ५५ टक्के, १०७ मिलिमीटर. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलचे १८५/६५ आर१५, म्हणजे १२०. ठेंगण्या बाजूमुळे स्टिअरिंग नेमके लागते, हे खरे. पण पावसात घोडबंदरचा पाण्याने भरलेला खड्डा वेगात बसला की टायर रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चिमटतो, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. त्याला पॅच चालत नाही, टायरच बदलावा लागतो. हौसेने १७ इंची अलॉय चाके बसवणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा; चाक मोठे, तर टायरची बाजू आणखी ठेंगणी.

टेस्ट ड्राइव्हआधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा हवेच्या दाबाचा तक्ता पाहून, टायर थंड असताना हवा तपासून घ्यावी. शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीत ती कधी कधी जास्त भरलेली असते. मग ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या पुलांच्या सांध्यांवर गाडी उडते आणि दोष सस्पेन्शनला मिळतो.

पुढची तुलना चार माणसे बसवून, याच रस्त्यांवर करावी. आणि टायरमध्ये हवा किती होती, तेही छापावे.

– एक वाहन अभियंता, ठाणे (प.)