जमीन सामाईक राहील

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

कोल्हापुरातले राजारामपुरीचे घर विकून राधानगरी तालुक्यात आणखी पाच कुटुंबांबरोबर राहायला जाण्याचा आमचा बेत आईने तुला फोनवर सांगितला, तेव्हा ‘या वयात हे कशासाठी?’ असे तू विचारलेस. त्याचे उत्तर सविस्तर द्यावे असे वाटले, म्हणून हे पत्र.

निसर्गाची ओढ मला लहानपणापासून आहे. रंकाळ्यावरचे पक्षी आणि दाजीपूरचे गवे तुला मीच दाखवले. राधानगरी अभयारण्याचा २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात समावेश झाला, तेव्हा आपण घरी पेढे आणले होते. परंतु मला खरी दृष्टी दिली ती देवराईने. भर मे महिन्यात तिथल्या झऱ्याची बारीक धार चालू असते, दगडांवरचे शेवाळ ओले असते आणि वाळून पडलेली काटकीसुद्धा कोणी चुलीसाठी उचलत नाही. देवाच्या नावाने साऱ्या गावाने स्वतःला बंधन घालून घेतले, म्हणून ते रान टिकले. एकट्यादुकट्याच्या आवडीने ते टिकले नसते.

त्या भागात पावसाळाभर धो धो पाऊस पडूनही उन्हाळ्यात वाड्या-वस्त्यांवर पाण्याचे हाल होतात, कारण सच्छिद्र जांभ्या दगडात पाणी जितके लवकर मुरते तितकेच लवकर ते झऱ्यांवाटे निघून जाते. म्हणून आमचे पहिले नियम पाण्याचे आहेत: कूपनलिका कोणी खोदायची नाही, झऱ्याचे पाणी एकाच टाकीत घेऊन पाळीने वापरायचे, आणि झऱ्याच्या वरच्या उतारावर कुऱ्हाड, चराई व वणवा या तिन्हींना कायमची बंदी. शेतात ऊस न घेता भात आणि नाचणी घ्यायची, शेणखत घालायचे. घरे जांभ्याच्या चिऱ्यांची आणि कौलारू असतील. पाळीपाळीने पाणी घेणे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. सहकारी पाणीपुरवठा संस्थांनी ते कितीतरी वर्षे चालवले आहे.

आणखी एक कारण आहे. भोगावती नदी तिथून वाहत येते, पुढे इतर नद्यांशी मिळून तिची पंचगंगा होते आणि पंचगंगा आपल्या शहरात येते. २०१९ च्या महापुरात पाणी चढताना आपण गच्चीवरून पाहिले. सहा कुटुंबांनी एक डोंगरउतार राखल्याने पूर थांबणार नाही, हे मला कळते. तरीही जिथे पाणी उतरू लागते तिथेच राहून ते सावकाश उतरावे यासाठी झटावे, असे मनापासून वाटते.

आता मुख्य गोष्ट. ही जमीन सहा कुटुंबांच्या सामाईक मालकीची राहील. आपला हिस्सा बाहेरच्या कोणाला विकायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे. म्हणजे आमच्या पश्चात तुला तिथे राहता येईल, नियम पाळून कसता येईल, परंतु तुकडा पाडून विकता येणार नाही. कागद करण्यापूर्वी तुझे मत मला हवे आहे. सूनबाईंशीही बोल, आणि जे वाटेल ते मोकळेपणाने कळव.

तुझे,
बाबा